भिंतीवरचे आकडे

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की थोड्याच वेळात शहर मागे पडते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळते. त्यामुळे जेथे एके काळी कुसळे उगवत, तेथे आता बाराही महिने हिरवेपणा दिसतो. आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरीस जाते. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या गावी तिचे मुक्काम पडतात, आणि बेलवाडीचे रिंगण पाहण्यासाठी आसपासचा सारा मुलूख लोटतो. वारी पुढे गेली की रस्ता शांत होतो. पुढे हिवाळ्यात त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागते.

या दोन गर्दींच्या मधल्या काळात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, रस्त्याकाठच्या एका पत्र्याच्या कार्यशाळेत कामाची खरी धांदल असते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा साखर कारखान्यांचा हा मुलूख. गळीत हंगाम संपला की कारखान्याची यंत्रे उघडली जातात. महिनोन्महिने उसाबरोबर माती आणि रेती खाऊन ती झिजलेली असतात. ऊस वाहून नेणाऱ्या साखळीची दातेरी चाके, ज्यांना कामगार स्प्रॉकेट म्हणतात, ती तर इतकी झिजतात की त्यांचे दात वाघनखांसारखे वाकडे दिसू लागतात. हे सारे भाग नवे करून पुन्हा बसवायचे आणि दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन व्हायचे. त्यानंतर गव्हाणीत मोळी पडली की पुढे यंत्राला उसंत नाही. एखादे चाक वेळेवर मिळाले नाही, तर त्याच्यासाठी सारा कारखाना आणि फडात उभा असलेला ऊस खोळंबतो.

कार्यशाळेचे मालक साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना सारे ‘मिस्त्री’ म्हणतात. घरात ते आबा. तरुणपणी त्यांनी वालचंदनगरला उमेदवारी केली होती. इंदापूर तालुक्यातील हे गाव उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या माळावर वसविले. प्रथम ऊस आणि साखर. मग साखरेची यंत्रे दुरुस्त करता करता ती बनविण्याची कला. आणि पुढे तर भारताच्या अग्निबाणांची पोलादी कवचेही तेथे तयार होऊ लागली. ज्या माळावर गुरेही चरावयास नाखूष असत, तेथील माणसांच्या हातचे लोखंड आकाशात जाते, ही गोष्ट मिस्त्री कोणाही पाहुण्याला सांगितल्यावाचून राहत नाहीत. सांगताना ते स्वतः त्यात होते असे मात्र कधी म्हणत नाहीत. ‘मी फक्त लेथवर बुश फिरवत होतो,’ एवढेच म्हणतात.

त्यांच्या कार्यशाळेत दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचे सामान आणि कोपऱ्यात एक मिलिंग मशीन आहे. हे मशीन म्हणजे कार्यशाळेचे वैभव. पुण्याकडील एक कार्यशाळा बंद पडली तेव्हा मिस्त्रींनी ते तेथून आणले. त्याच्या तीन स्क्रूंना तीन विद्युत मोटारी जोडलेल्या होत्या, आणि त्या मोटारींना हुकूम देण्यासाठी एक संगणक होता. धातूच्या कोणत्या जागी किती खोल कापायचे, कोठे वळायचे, कोठे थांबायचे, हे सारे एका फायलीत आकड्यांनी लिहून ठेवावे; संगणक ते वाचतो आणि मोटारी तसतशा फिरतात. एकदा लिहिलेले चाक दहा वर्षांनी पुन्हा कापले तरी तसेच उतरते.

यंत्राला असे आगाऊ हुकूम लिहून ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास असा माग तयार केला की, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर चढविली म्हणजे कापडात हवी ती वेलबुट्टी आपोआप उठे. जेथे भोक असेल तेथून सुई पुढे जाई; नसेल तेथे अडे. लोखंड कापणाऱ्या यंत्राला हे शिकविण्यास मात्र दीडशे वर्षे लागली. अमेरिकेतील जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. त्या पात्यांचा वळसा हाताने साधणे अवघड. म्हणून आकड्यांच्या आधारे यंत्र चालविण्याचा विचार त्याला सुचला. त्यातूनच मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात १९५२ साली कागदी पट्टीवरील भोके वाचून तीन दिशांनी चालणारे मिलिंग मशीन लोकांसमोर आले. विणकराच्या पुठ्ठ्यापासून कारखान्यातील पट्टीपर्यंत आणि पट्टीपासून संगणकापर्यंत, भोकाची जागा आकड्याने घेतली. बाकी युक्ती तीच आहे.

मिस्त्रींचा संगणक १९९० नंतरच्या दशकातला होता. मळकट पांढऱ्या रंगाची पेटी, जाड काचेचा पडदा, आणि अक्षरे पुसट झालेला कळफलक. अक्षरे दिसत नसली तरी मिस्त्रींची दोन बोटे बिनचूक जागी पडत. तो सुरू करण्याचा एक विधीच होता. या संगणकाला काळाचे भान देणारी एक लहान बॅटरी आत बोर्डवरच पक्की डाग देऊन बसविलेली होती आणि ती कैक वर्षांपूर्वी निकामी झाली होती. त्यामुळे रोज सकाळी संगणक जागा होई तो १ जानेवारी १९८० या दिवशी. त्या जुन्या पद्धतीच्या संगणकांची दिनदर्शिका तेथूनच सुरू होते. मिस्त्री त्याला आजची तारीख सांगत. बॅटरीबरोबर तो आणखी एक गोष्ट विसरे. आपल्या पोटातील तबकडीवर, जिला हार्ड डिस्क म्हणतात तिच्यावर, माहिती कोणत्या मापाने मांडलेली आहे, हेही त्याला आठवत नसे. ते माप तीन आकड्यांचे होते. मिस्त्रींनी ते तांबड्या रंगाने मशीनमागच्या भिंतीवर लिहून ठेवले होते : ८२६, १६, ६३. एवढे सांगितले म्हणजे संगणक तबकडी वाचू लागे आणि कामाला जुंपला जाई. नवखा मनुष्य ते आकडे पाहून विचारात पडे. कोणाला तो टेलिफोनचा क्रमांक वाटे, कोणाला उधारीचा हिशेब.

एका वर्षी श्रावणात हा विधी फसला. मिस्त्रींनी कळ दाबली. पंखा फिरू लागला. पण पडदा काळाच राहिला. पुन्हा कळ दाबली. आतून तबकडीचा खट्‌खट् असा आवाज आला आणि थांबला. बाहेर पाऊस पडत होता. मेजावर एका कारखान्याच्या सतरा स्प्रॉकेटांची मागणी होती, शिवाय त्याच कारखान्यासाठी पोलादी पट्ट्यांच्या दोन जोड्या कापून द्यायच्या होत्या. अग्निप्रदीपनाला अडीच महिने होते.

बारामतीचा एक विक्रेता येऊन पाहून गेला. त्याने नव्या नियंत्रणयंत्रणेची जी किंमत सांगितली, ती मिस्त्रींनी मशीनसाठी दिलेल्या रकमेहून अधिक होती. ‘हे मोडीत घाला,’ असा सल्लाही त्याने दिला. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हणाले.

त्यांची नात तंत्रनिकेतनात पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती संध्याकाळी आली. तिने पेटी उघडली, आत डोकावून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला :

“आबा, यातल्या फायलींची दुसरी प्रत कुठे आहे?”

“प्रत कसली? सगळे त्यातच आहे.”

“पंचवीस वर्षांचे काम या एकाच तबकडीवर?”

मिस्त्री काही बोलले नाहीत. फ्लॉपी नावाच्या चौकोनी चकत्यांवर त्यांनी कधीकाळी काही प्रती घेतल्या होत्या; पण त्या चकत्यांना बुरशी लागून त्या वाचेनाशा झाल्या होत्या. शिवाय आता तशा नव्या चकत्या मिळणेही कठीण. त्या बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी जपानच्या सोनीने २०११ मध्ये त्यांची विक्री थांबविली.

नातीने त्या दिवशी नव्या संगणकाचे नावही काढले नाही. तिने तबकडी पेटीतून सोडवली, एका जोडतारेने आपल्या संगणकाला लावली आणि तिच्यावरील प्रत्येक कण जसाच्या तसा उतरवून घ्यावयास आरंभ केला. तबकडी थकलेली होती. मधूनच खट्‌खट् करी, अडे, पुन्हा चाले. एखादा जीर्ण ग्रंथ उलगडताना पाने तुटू नयेत म्हणून जशी धिमेपणाने बोटे चालवावीत, तसा तो प्रकार होता. रात्री साडेअकराला प्रत पुरी झाली. चारशे बारा फायली निघाल्या. चाके, पट्ट्या, पंपाचे भाग, पिठाच्या गिरणीचे भाग. मिस्त्रींनी आयुष्यभर जे जे कापले त्या साऱ्याचे आकडे. सर्वांचे वजन मिळून तीन मेगाबाइट भरले. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र पुष्कळदा याहून मोठे असते.

इकडे मशीनचा जुना बोर्ड एका स्वच्छ फडक्यात बांधून मिस्त्री एस. टी. ने इंदापूरला गेले. तेथे त्यांच्या ओळखीचा एक कारागीर पंपांचे स्टार्टर आणि विजेच्या पेट्या दुरुस्त करतो. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे शेतकरी आपले बिघडलेले सामान त्याच्याकडे आणतात. त्यामुळे त्याच्या दुकानात नेहमी जळलेल्या तारांचा वास असतो. त्याने बोर्ड भिंगाखाली धरला. ती जुनी बॅटरी कधीतरी फुटून तिच्यातील क्षार बाहेर ओघळले होते आणि त्यांनी आसपासच्या तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकल्या होत्या. बोर्डवर हिरवट बुरा चढला होता.

“मिस्त्री, माल जुना आहे, पण मेलेला नाही,” कारागीर म्हणाला. “मात्र मला वेळ द्या. हा एक सण तरी जाऊ द्या.”

“होईल ना नक्की?”

“होईल. पण एक सांगतो, राग मानू नका. आज मी हा उठवला, तरी याच्या भरवशावर पुढची दहा वर्षे काढू नका.”

त्याने लिंबू कापले आणि त्याचा रस कापसाने त्या बुऱ्यावर लावला. बॅटरीतून निघतो तो क्षार. त्यावर आंबट रसाची मात्रा चालते. मग तो सारा भाग धुऊन, वाळवून, तुटलेल्या रेषांच्या जागी केसासारख्या बारीक तारा जोडावयाच्या. हे काम घाईने होणारे नव्हे. मिस्त्री हात हलवीत परत आले.

तोवर नातीने एक नवा संगणक आणला होता. तो देखणा होता, वेगवान होता. आणि मशीनच्या दृष्टीने तो ठार मुका निघाला. जुन्या संगणकाच्या पाठीमागे पंचवीस छिद्रांची एक खाच असे. ती वास्तविक छपाईच्या यंत्रासाठी, म्हणजे प्रिंटरसाठी ठेवलेली. पण हुशार कारागिरांनी तिच्या तारांवरून मोटारींना हुकूम पाठविण्याची युक्ती शोधून काढली होती. नव्या संगणकाला ती खाचच नव्हती. बाजारात जोडतार मिळते, तीही आणली. परंतु ती फक्त प्रिंटरची भाषा जाणते, मोटारीची नव्हे. मशीन ढिम्म हलले नाही.

मग पुण्याच्या जुन्या बाजारातून असा एक संगणक आणला की ज्याला ती खाच होती. त्यावर आजकालच्या पद्धतीची, एकाच वेळी दहा कामे करणारी प्रणाली होती. मशीन हलले! कार्यशाळेतील पोरांनी टाळ्या वाजविल्या. पहिले स्प्रॉकेट चढविले आणि कापणी सुरू झाली. मिस्त्री मात्र मान कलती करून उभे होते.

“थांबव,” ते म्हणाले. “आवाज बरोबर नाही.”

“आबा, चालले आहे की व्यवस्थित!”

“आवाज अडखळतोय, पोरी. थांबव.”

तिने आणखी थोडे चालू दिले; आणि नवव्या दाताला कापण्याचे हत्यार भलत्याच जागी शिरले. एक जाड पोलादी चकती भंगारात गेली.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. या मोटारी आपल्या नेहमीच्या पंख्याच्या मोटारीसारख्या अखंड फिरत नाहीत. त्या ठोक्याठोक्याने फिरतात. संगणकाकडून विजेचा एक ठोका आला की मोटार एक लहानसे पाऊल टाकते. मिस्त्रींच्या मशीनवर ४०० ठोक्यांना स्क्रूचा एक फेरा होई, आणि एका फेऱ्यात मेज सुमारे ५ मिलिमीटर सरके. म्हणजे एका मिलिमीटरला ८० ठोके. मेज सेकंदाला १० मिलिमीटर चालवावयाचे तर सेकंदाला ८०० ठोके, आणि तेही एकसारख्या अंतराने. त्यांत गफलत झाली की मोटार अडखळते, एखादे पाऊल चुकते. गंमत अशी की, पाऊल चुकले हे संगणकाला कळतच नाही. त्याने हुकूम दिलेला असतो. तो पाळला गेला की नाही, हे सांगणारे उलट टपाल या मशीनमध्ये नव्हते. एक पाऊल चुकले की पुढची सारी पावले चुकीच्या जागी पडतात.

वारीत ज्याने पावली पाहिली आहे त्याला हे लगेच उमगेल. मृदंगाचा ठेका अचूक पडतो तोवर शेकडो पाय एका जागी उठतात आणि एका जागी टेकतात. मृदंगवाद्याने मध्येच कोणाच्या तरी हाकेला ओ दिली, तर रांग कोलमडते. जुना संगणक अगदी गरीब होता. त्याला एका वेळी एकच काम करता येई, आणि म्हणूनच त्याचे सारे लक्ष ठेक्यावर असे. नवी प्रणाली बहुश्रुत. ती एकीकडे घड्याळ पाही, दुसरीकडे निरोप तपाशी, तिसरीकडे पडदा रंगवी, आणि ठोके जमतील तसे देई. माणसाला जो क्षण जाणवतही नाही, तेवढ्या अवधीत मोटारीचे चार ठोके हुकत. मिस्त्रींना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. पण ठोक्यांचा वेग बदलला की या मोटारींचा सूर बदलतो, आणि तो सूर पंचवीस वर्षे त्यांच्या कानांत होता.

नातीने चार-पाच रात्री वाचनात घालविल्या. यंत्रे चालविण्यासाठीच रचलेली एक प्रणाली तिला सापडली. तिचे मूळ अमेरिकेच्या सरकारी मापन-संस्थेत १९९० नंतरच्या दशकात घातले गेले. ती सर्वांना खुली करण्यात आली, आणि पुढे देशोदेशींच्या हौशी व जाणत्या लोकांनी मिळून ती वाढविली. आज तिला लिनक्स सीएनसी म्हणतात. तिला कोणालाच मोल द्यावे लागत नाही. तिचे वैशिष्ट्य हे की, ठोका देण्याची वेळ झाली म्हणजे ती बाकीची सारी कामे बाजूला सारते. आधी ठेका, मग घरदार!

ही प्रणाली घातल्यावर संगणकाची परीक्षा घ्यावी लागते. त्याला मुद्दाम अनेक कामांत गुंतवायचे आणि तरी तो ठोका किती चुकवितो हे तासन्‌तास पाहत राहायचे. भाद्रपदातल्या एका रात्री आजोबा आणि नात असे पडद्यासमोर बसले होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वेळ जावा म्हणून नातीने ‘व्हॉयेजर’ची गोष्ट काढली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर १ नावाचे यान आकाशात सोडले. ते गुरू आणि शनी यांना ओलांडून अजूनही पुढेच चालले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ते एकाएकी अर्थहीन बडबड करू लागले. त्याच्या संगणकाच्या स्मृतीचा एक तुकडा बिघडला होता.

“मग? दुरुस्तीला माणूस कसा पाठवला?” मिस्त्रींनी विचारले.

“माणूस कसा जाणार, आबा? ते २४ अब्ज किलोमीटरांवर आहे. प्रकाशाच्या वेगाने निरोप पाठवला तरी पोचायला साडेबावीस तास, आणि उत्तर यायला तितकेच.”

“मग?”

“त्यांनी जुने कागद काढले. त्या तुकड्यातले हुकूम उचलून दुसरीकडे ठेवायचे ठरवले. पण सगळे मावतील अशी एकही जागा रिकामी नव्हती. मग त्यांचे तुकडे करून इथे थोडे, तिथे थोडे बसवले. एप्रिल २०२४ मध्ये निरोप पाठवला आणि दोन दिवसांनी यान शहाण्यासारखे बोलू लागले.”

मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जुने कागद जपून ठेवले होते म्हणायचे त्यांनी.”

पहाटेपर्यंत संगणकाने ठोका फारसा हलू दिला नाही. चूक सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासच राहिली. मोटारी सुरू केल्या तेव्हा मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकले आणि मान डोलावली. चार दिवसांत सतरा स्प्रॉकेटे कापून झाली. दात न् दात जागच्या जागी.

आता पोलादी पट्ट्या उरल्या होत्या. काम दिसावयास सोपे. प्रत्येक जोडीतील एक पट्टी कारखान्यात बसविलेलीच होती. तिच्यावर बसणारी दुसरी कार्यशाळेत करायची. पट्टीवर दोन भोके, त्यांतील अंतर ४०० मिलिमीटर, आणि त्यांतून दोन पोलादी खुंट्या घट्ट बसल्या पाहिजेत. पहिली पट्टी कापली आणि कारखान्यात नेली. एक खुंटी ठाकठीक बसली. दुसरी काही केल्या बसेना. पट्टी परत आली. मोजून पाहता अंतर ४०० ऐवजी ४००.१ भरले. मिलिमीटरचा एक दशांश म्हणजे फार झाले तर दोन केसांची जाडी. पण तेवढ्याने खुंटी दाराशी अडली.

नात सगळे पुन्हा तपासू लागली. ठोके ठीक होते. सूर ठीक होता. मिस्त्री तिच्या मागे उभे राहून पडद्यावरचे आकडे वाचीत होते. एका आकड्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हे ऐंशी कुणी लिहिले?”

“मी. एका मिलिमीटरला किती ठोके, तो आकडा आहे. तुमच्या फायलीत ७९.९८ होता. मला वाटले, लिहिताना काहीतरी चूक झाली असेल. चारशेला पाचने भागले की ऐंशीच येतात, आबा.”

“कागदावर येतात.”

ते रागावले नाहीत. त्यांनी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून एक जुने बिलबुक काढले. त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली मापे होती. मशीन आणले त्या वर्षी त्यांनी मेज ४०० मिलिमीटर चालविले होते आणि ते प्रत्यक्षात किती सरकले हे मोजले होते. एकदा नव्हे, अकरा वेळा, सकाळी आणि दुपारी. प्रत्येक वेळी ४००.१. म्हणजे तो स्क्रू ज्याने कोणी घडविला, त्याच्या हातून आटा रेसभर लांब झाला होता. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर नव्हे, किंचित अधिक. बत्तीस हजार ठोक्यांना ४००.१ मिलिमीटर, भागाकार केला की ७९.९८ येतात. नातीने तो भागाकार स्वतः करून पाहिला आणि काही वेळ पडद्याकडे बघत राहिली. अकरा दिवसांच्या मोजणीचा तो आकडा तिने एका क्षणात ‘दुरुस्त’ करून टाकला होता.

“लिहून ठेवायला हवे होते, आबा,” ती हळूच म्हणाली. “तो आकडा असा का, ते.”

“हो,” मिस्त्री म्हणाले, “ती चूक माझी.”

७९.९८ पुन्हा घातले. मग नातीने हट्ट धरला की आता दुसरेही आकडे ताडून पाहू. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये थोडी मोकळीक असते. दिशा पालटताना ती भरून काढावी लागते. तिचा आकडा जुन्या फायलीत ०.०६ मिलिमीटर होता. मिस्त्री म्हणाले, तो मी स्वतः मोजलेला आहे. नातीने डायल गेज लावले. काटा ०.०८ वर थांबला. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. मधल्या वर्षांत नट झिजला होता आणि ते मोजावयाचे राहून गेले होते. तो आकडा बदलला.

पुढची पट्टी मिस्त्री स्वतः कारखान्यात घेऊन गेले. पहिली खुंटी बसली. दुसरीवर लाकडी हातोड्याचे तीन हलके ठोके पडले, आणि तीही बसली. अग्निप्रदीपनाला नऊ दिवस होते.

दिवाळीनंतर इंदापूरचा कारागीर आपणहून कार्यशाळेत आला. त्याच्या हातात ते फडके होते. बोर्ड त्याने दुरुस्त केला होता, आणि डाग दिलेल्या बॅटरीच्या जागी काढता-घालता येईल अशी नवी बॅटरी बसविली होती. ठरल्याहून अधिक पैसे घेण्यास त्याने नकार दिला. उशीर झाला, असे तो म्हणाला. मिस्त्रींनी तो बोर्ड जुन्या पेटीत बसविला. जुनी तबकडी तशी भरवशाची राहिली नव्हती. म्हणून नातीने उतरवलेली प्रत एका लहान नव्या स्मृतिपत्रावर घालून तबकडीच्या जागी जोडली. त्या नव्या तुकड्याचे माप वेगळे होते. पण आता संगणक ते विसरणार नव्हता. कळ दाबताच पडदा उजळला. पहिल्या दिवशी तारीख अर्थातच १ जानेवारी १९८० होती. मिस्त्रींनी ती बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने तारीख घालावयास वाकले, तर पडद्यावर बरोबर तारीख आधीच आलेली. त्यांची दोन बोटे कळफलकावर क्षणभर तशीच राहिली.

तो जुना संगणक आता कोपऱ्यातल्या फळीवर असतो. महिन्यातून एकदा त्याला चालू करून, मशीनला जोडून, एखादे लहान काम करून घेतात. नवा कधी आजारी पडला तर जुना तयार असावा म्हणून. फायलींच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. एक कार्यशाळेत, एक घरी, आणि एक इंदापूरला त्या कारागिराच्या गल्ल्यात.

भिंतीवरचे ८२६, १६, ६३ हे आकडे आता कोणाच्या उपयोगाचे उरले नाहीत. रंगारी आला तेव्हा त्याने ते पुसू का म्हणून विचारले. मिस्त्रींनी त्याच्याच हातून ब्रश घेतला आणि त्यांच्या खाली, त्याच तांबड्या रंगाने, आणखी एक ओळ लिहिली : ७९.९८, स्क्रूचा आटा लांब आहे, बदलू नये, दर पावसाळ्यापूर्वी मोजून पाहावा.